गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल: सहा वर्षांखालच्या मुलांसोबत चित्रपुस्तकं वाचताना

चित्रपुस्तक घेऊन बसलेल्या मोठ्या माणसाला बहुतेक वेळा एकच घाई असते, शेवटचं पान गाठायची. मूल तिसऱ्या पानावर मांजराच्या शेपटीवर बोट ठेवून बसलेलं असतं आणि आपण ‘हो हो, माऊ आहे, आता पुढं काय होतं बघू’ म्हणत पान उलटतो. पुढं दिलेल्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका सवयीवर आहेत. इतक्या लहान वयात पुस्तक हे गप्पांचं निमित्त असतं. गप्पा रंगल्या आणि गोष्ट अर्धी राहिली, तर त्या दिवसाचं काम झालं असं खुशाल समजा.

याला आधार आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत होते आणि दोन्ही गट घरी सारख्याच वेळा पुस्तकं वाचत होते. फरक एवढाच, की एका गटाला वाचायची पद्धत शिकवली होती: मजकूर सरळ वाचत जाणं कमी करा, नुसतं बोट दाखवून उत्तर देता येईल असे प्रश्न कमी विचारा, मोकळे प्रश्न जास्त विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून परत म्हणा. महिन्याभरानं भाषेच्या चाचण्यांमध्ये या गटातली मुलं स्पष्टपणे पुढं होती. नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा फरक कमी झाला होता, पण होता. म्हणजे ‘रोज किती पुस्तकं वाचली’ याचा हिशेब ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

चित्र समोर धरून गोष्ट सांगणं आपल्याकडे काही नवं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी हेच करत आली आहे. एकेक सुटं चित्र लोकांसमोर धरायचं आणि गाऊन-बोलून कथा पुढं न्यायची. समोरच्या प्रेक्षकाला वाचता येतं की नाही, हा प्रश्नच तिथं येत नाही. घरात आजीला वाचता येत नसेल तर म्हणूनच अडत नाही. उलट अक्षरांचं बंधन नसलेली माणसं चित्राकडं जास्त बघतात.

आधी वेळ आणि जागा ठरवा

रोजची दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण ती शक्यतो ठरलेली असावीत. दुपारच्या झोपेआधी, संध्याकाळी दिवेलागणीनंतर किंवा रात्री अंथरुणात, घराला सोसेल ती वेळ. भूक लागलेली असताना आणि खेळ ऐन रंगात आलेला असताना पुस्तक काढू नका. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बसायची पद्धत वयाप्रमाणं बदलते. वर्षाच्या आतलं बाळ मांडीवर घ्या, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली आणि पुस्तक दोघांच्या समोर. दोन वर्षांनंतर शेजारी-शेजारी बसा, म्हणजे तुम्हाला मुलाचा चेहरा आणि त्याची नजर चित्रावर कुठं फिरतेय ते दिसेल. मूल जिथं बघतंय त्यावर बोलायचं असल्यामुळं ही नजर फार उपयोगाची असते.

पुस्तकं मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवा. भाजीची उथळ टोपली किंवा बुटाचा खोका चालतो, फक्त पुस्तकांचं मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. कपाटात वर रचून ठेवलेली पुस्तकं नवी कोरी राहतात आणि तशीच मोठ्या भावंडांकडून धाकट्यांकडं जातात. फाटतील का? फाटतील. चिकटपट्टी जवळ ठेवा आणि चिकटवताना मुलालाही सोबत घ्या.

कोणत्या वयाला काय

पहिले सहा महिने पुस्तकापेक्षा तुमचा चेहरा आणि आवाज महत्त्वाचे. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर तुमचं तोंड जितकं लांब असतं तितकं. ओव्या, अंगाई, बडबडगीतं, अंगाला तेल लावताना चाललेली बडबड हीच या वयातली गोष्ट. हवीच असतील तर काळ्या-पांढऱ्या ठळक आकारांची चित्रं दाखवा.

सहा महिन्यांनंतर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आणा. एका पानावर एकच मोठं चित्र: चेंडू, वाटी, कुत्रा, बाळ. बाळ पुस्तक तोंडात घालणारच, ती त्याची बघायची पद्धत आहे. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि पुढं जायचं. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास तुम्ही बोट दाखवाल तिकडं बाळ बघायला लागतं आणि पुढं स्वतःही बोट दाखवू लागतं. ‘तू बघतेयस तेच मीही बघतोय’ ही समज शब्दांच्या आधी येते आणि पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं राहतं. म्हणून बाळानं बोट दाखवलं की हातातलं वाक्य तिथंच सोडा आणि त्या गोष्टीचं नाव घ्या.

एक ते दोन वर्षांच्या मुलांना आवाज हवे असतात आणि या बाबतीत मराठी हात सैल सोडते. भोपळा टुणूक टुणूक जातो, पाऊस रिपरिप पडतो, ढग गडगडतात, पाणी झुळझुळ वाहतं, चकली कुडूम वाजते. छापलेल्या वाक्यात असे शब्द नसतील तर तुम्ही घाला. नाव सांगता येण्याच्या कितीतरी आधी मूल ‘भू भू’ आणि ‘हम्मा’ म्हणतं. तेही बोलणंच आहे, त्याला ‘कुत्रा म्हण, कुत्रा’ असं दामटू नका.

दोन ते तीन या वयात छोटी घटना असलेली पुस्तकं येतात. आंघोळ, चप्पल हरवली, आजोबा आले, घरात नवं बाळ आलं. पुन्हा पुन्हा येणारी ओळ असेल तर फारच छान, कारण ती ओळ मूल स्वतः म्हणतं. तीन ते चारमध्ये ‘का’ सुरू होतो. रुसणं, घाबरणं, वाटून घेणं यांवरच्या गोष्टी आता समजतात.

चारच्या आसपास एक मोठा बदल होतो. आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसू शकते, हे मुलाला उमगायला लागतं. मग चित्रात उंदीर निवांत शेंगा सोलतोय आणि मागं मांजर दबा धरून बसलंय, यातली गंमत त्याला कळते. ‘त्याला माहीतच नाही!’ म्हणून मूल ओरडतं. मजकूर एक सांगतोय आणि चित्र दुसरंच, अशी पुस्तकं आणि मजकूरच नसलेली पुस्तकं या वयात हमखास द्यावीत. तीन वर्षांच्या मुलाला तेच चित्र दाखवलं तर ते ‘माऊ’ एवढंच म्हणून पुढं जाईल, त्याची काळजी करू नका.

दुकानात पुस्तक कसं पारखावं

तीन परीक्षा पुरतात. पहिली: मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं चाळा. चित्रांमधून काही घडताना दिसतं का? की मजकुरात आंबा म्हटलंय म्हणून चित्रातही आंबा, एवढंच? दुसरी: एक पान मोठ्यानं वाचा, लाजू नका. ‘त्याने आपल्या आईला एक मोठे आलिंगन दिले’ असलं वाक्य आलं तर पुस्तक खाली ठेवा. असं मराठी घरात कुणी बोलत नाही, आणि भाषांतर करणाऱ्यानं पुढच्या पानांवरही हेच केलं असणार. तिसरी: शेवटचं पान उघडा. ‘तात्पर्य’ चौकटीत छापलंय का? तेवढ्यासाठी पुस्तक नाकारायला नको, पण वाचताना त्या चौकटीवर अंगठा ठेवायचा. गोष्ट संपल्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न विचारला की मुलाचा चेहरा कसा पडतो ते एकदा बघा.

अक्षरओळखीचे तक्ते आणि ‘शंभर फळं-भाज्या’ छापाची पुस्तकं वाईट नसतात, पण त्यांवर गप्पा दोन मिनिटांत आटपतात. दहा पुस्तकांमागं असलं एक पुरे.

प्रत्यक्ष वाचताना

मुख्य काम इथं आहे, म्हणून एकच पान घेऊन सविस्तर बघू. समजा, चित्रात आठवडी बाजार आहे. भाजीवाली मावशी गिऱ्हाइकाला तराजूत काहीतरी तोलून देतेय आणि मागून एका बकरीनं तिच्या पाटीत तोंड घातलंय. खाली मजकूर आहे: ‘आज रविवार. गावात बाजार भरला.’ आजी आणि अडीच वर्षांचा नातू बसले आहेत.

नातू म्हणतो, “बक्ली!”

“हं, बकरी. काय करतेय रे ती?”

इथं आजी थांबते. मनात पाच अंक मोजायला जितका वेळ लागतो तितका. हे थांबणं अवघड असतं, आपल्याला उत्तर पुरवायची सवय असते. लहान मुलाला प्रश्न समजायला, शब्द शोधायला आणि तोंडातून काढायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

“खाते.”

“कोथिंबीर खातेय बकरी! आणि मावशींचं लक्षच नाही.”

“मावशी ओलडेल.”

“हो ना, मावशी ओरडतील बकरीला. काय म्हणून ओरडतील?”

“हाऽऽड! हाड हाड!”

मजकूर अजून वाचलेलाच नाही, आणि काही बिघडलं नाही.

आजीनं काय केलं बघा. तिनं मुलाच्या बोटामागून जाऊन विचारलं. उत्तर आल्यावर ते स्वीकारलं. मग ‘खाते’ या एका शब्दाचं ‘कोथिंबीर खातेय बकरी’ असं तीन शब्दांचं वाक्य करून परत दिलं. विचारा, दाद द्या, वाढवा, आणि जमलं तर मुलाकडून पुन्हा म्हणवून घ्या, असा हा क्रम आहे. वाढवताना मुलापेक्षा दोन-तीन शब्दच पुढं राहायचं. मूल एका शब्दात बोलतंय आणि तुम्ही बकरीच्या जातींवर व्याख्यान दिलंत तर ते उठून जाईल.

‘बक्ली’ला ‘बकरी म्हण, रऽऽ’ असं टोकलं नाही, हेही बघा. नुसता बरोबर शब्द तिच्या वाक्यात येऊन गेला. र, ळ, ण, जोडाक्षरं हे उच्चार मागाहून पक्के होतात. टोकत राहिलात तर मूल अवघड शब्द टाळायला शिकतं.

प्रश्न कोणते विचारावेत? ‘हे काय आहे?’ हा पहिला प्रश्न ठीक, पण पानभर तोच विचारत राहिलात तर तोंडी परीक्षा होते. त्याऐवजी आलटून पालटून असे विचारा: काय चाललंय इथं? आता काय होईल? ती अशी का बसलीय? आपण बाजारात गेलो होतो तेव्हा तू काय घेतलंस? हा शेवटचा, पुस्तकातून घराकडं येणारा प्रश्न सगळ्यात जास्त बोलतं करतो. आणि कधी कधी प्रश्नच नको. ‘मला तर वाटतं ही बकरी रोजच येत असणार’ असं नुसतं म्हणून गप्प बसा. मूल वाद घालायला येतं.

एका पानावर दोन प्रश्न पुष्कळ. चारएक पानं अशी गप्पांची, बाकीची पटपट, असं चालू द्या. काही दिवशी मुलाला फक्त ऐकायचं असतं, तेव्हा फक्त वाचा.

छापलेला मजकूर कसा वाचायचा, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. पुस्तकात ‘तिने’ असेल आणि घरात ‘तिनं’ बोलत असाल तर घरच्यासारखं वाचा. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा वारली बोलत असतील तर गप्पा त्याच बोलीत करा आणि छापील ओळ आहे तशी वाचा. मुलं या दोन्हींत सहज ये-जा करतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि नंतर कोसबाडला वारली मुलांसोबत काम करत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ची सुरुवात तिथली. शिकवायची साधनंही आजूबाजूचीच: बिया, पानं, दगड, शंख. मुलाच्या घरातून सुरुवात करायची ही रीत पुस्तक वाचतानाही लागू पडते.

‘पुन्हा तेच!’

एकच पुस्तक रोज मागणाऱ्या मुलाला कंटाळून दुसरं पुस्तक पुढं करू नका. तीन वर्षांच्या मुलांवरचा २०११चा एक अभ्यास आहे. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी, पण नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडतील अशा बेतानं. तीच गोष्ट ऐकलेल्या मुलांच्या लक्षात नवे शब्द जास्त चांगले राहिले. पुढं काय होणार हे माहीत असल्यामुळं मुलाचं लक्ष बारकाव्यांकडं जायला मोकळं असतं.

मात्र प्रत्येक वेळी तुमचा वाटा कमी करत न्या. पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, मूल ऐकेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चित्रांवर गप्पा. नंतर ओळीचा शेवट गाळा: ‘आणि बकरीनं खाल्ली…’ आणि थांबा. आठवड्याच्या शेवटी पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आज तू सांग.’ ते जे सांगेल त्यात घटनांचा क्रम उलटा असेल, मध्येच कालचं भांडण येईल, बकरी विमानात बसेल. दुरुस्त करू नका. ‘मग?’ एवढाच एक शब्द तुमच्या वाट्याचा.

पुस्तक नसताना

गोष्ट सांगायला जमत नाही म्हणणाऱ्यांनी चिऊ-काऊपासून सुरुवात करावी. शेणाचं घर, मेणाचं घर, मोठा पाऊस आणि बंद दार. या लोककथेची बांधणी लहान मुलांसाठी इतकी नेमकी आहे की नवीन लिहिणाऱ्यांनी ती उलगडून बघावी. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ ही ओळ परत परत येते, प्रत्येक वेळी उत्तराचा साचा तोच राहतो आणि आतलं काम तेवढं बदलतं: थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते.

सांगताना पाटावर किंवा जमिनीवर टकटक करा. दुसऱ्या टकटकीनंतर ओळ म्हणू नका, मुलाकडं बघा. ते म्हणेल. मग चिऊ मुलाला करा आणि तुम्ही काऊ व्हा. आता ‘थांब, माझ्या बाळाला…’च्या पुढं काय येईल ते मुलावर सोडा. डायपर बदलते, शाळेत सोडून येते, मोबाइल चार्ज करते, काहीही येतं. मुलाच्या डोळ्यांनी आपल्या दिवसाकडं बघायला मिळतं, ही वरची कमाई.

शेवट घरोघरी वेगळा आहे. कुठं चिऊ काऊला आत घेऊन ऊब देते, कुठं काऊला तापल्या तव्यावर बसवते आणि तो भाजतो. तुमच्या आजीनं सांगितलेला शेवट सांगायला काही हरकत नाही असं माझं मत आहे. सांगून झाल्यावर मूल गप्प झालं तर ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’ एवढं विचारा. फार घाबरणाऱ्या मुलासाठी मात्र तवा वगळा, आणि झोपायच्या वेळी तर नकोच.

हाताशी वस्तू असल्या की सांगणं सोपं होतं. भोपळ्यातल्या म्हातारीसाठी एक वाटी उपडी घातली तरी भोपळा होतो. पायमोज्याचा कोल्हा, लाटण्याचा वाघ. तयार बाहुल्या विकत आणायची गरज नाही.

रोजच्या घटनांची गोष्ट करणं तर सगळ्यात सोपं. ‘एक मुलगा होता. त्याला सकाळी उठायचंच नव्हतं…’ मूल लगेच ओळखतं आणि हसतं. अशा गोष्टीतून ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ हे शब्द कानावर पडतात. पुढं शाळेत लिहिताना हाच क्रम लागतो.

घरच्या घरी पुस्तक

एका कागदातून आठ पानांचं पुस्तक होतं, शिवण नको, गोंद नको. ए-फोर कागद तीनदा अर्धा-अर्धा दुमडून उघडा, आठ चौकोन दिसतील. आता अरुंद कडा एकमेकींवर येतील असा एकदाच अर्धा दुमडा. दुमडलेल्या बाजूनं, मधल्या आडव्या घडीवरून, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कात्रीनं कापा. कागद उघडला की मधोमध चीर दिसेल. मग तो लांबट अर्धा दुमडा आणि दोन्ही टोकं धरून एकमेकांकडं ढकला. चीर उघडते, पानं चार दिशांना येतात, ती एका बाजूला मिटवली की पुस्तक तयार. पहिल्यांदा रद्दी कागदावर करून बघा, म्हणजे मुलासमोर फजिती होत नाही.

आत काय? मुलाचाच दिवस. मूल चित्र काढेल, रेघोट्या असतील तरी चालतील. ‘हे काय आहे?’ विचारा आणि ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा: ‘बाबा गाडी धुते.’ व्याकरण सुधारू नका. आपण बोललो ते कागदावर उतरलं आणि उद्या आजोबांनी तेच वाचून दाखवलं, हे मुलानं पाहिलं की अक्षरं कशासाठी असतात ते त्याला समजतं. त्यानंतर येणारी अक्षरओळख मग कोरडी वाटत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळासाठी जुन्या सुती साडीचे चौकोन शिवून कापडी पुस्तक करता येतं. एका पानावर वेलवेटचा तुकडा, दुसऱ्यावर खरखरीत सुतळी, तिसऱ्यावर काठाची जर. बटणं आणि मणी लावू नका, निसटून घशात जातात.

पुस्तकं कुठं मिळतील

नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं किमतीनं परवडतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं मराठीत मूळ चित्रपुस्तकांचं चांगलं काम केलं आहे, आणि चेन्नईचं तूलिका मराठीसह अनेक भाषांत द्वैभाषिक पुस्तकं काढतं. प्रथम बुक्सचा ‘स्टोरीवीव्हर’ हा ऑनलाइन मंच २०१५पासून आहे. त्यावर मराठी पुस्तकं वाचनपातळीनुसार लावलेली मिळतात, फुकट उतरवता येतात आणि छापून वापरायलाही मुभा आहे. अंगणवाडीताईंना याचा फार उपयोग होतो. चार शेजारी मिळून प्रत्येकी पाच पुस्तकं घेतली आणि दर महिन्याला फिरवली, तर वर्षभर पुरतं.

अंगणवाडीत किंवा सोसायटीत एकदम वीस मुलं असतील तर पुस्तक चेहऱ्याच्या बाजूला, मुलांकडं उघडं धरा आणि मजकूर आधी पाठ करा. अर्धगोलात बसवा. मागच्यांना चित्र दिसत नाही तिथूनच चुळबुळ सुरू होते. शक्य असेल तर दोन गट करा.

नेहमीच्या अडचणी

*मूल बसतच नाही.* मग उभ्यानं ऐकू द्या. दीड-दोन वर्षांचं मूल दोन-तीन मिनिटं टिकलं तरी चांगलं. ते खेळत असताना तुम्ही शेजारी बसून मोठ्यानं वाचा, मधूनच येऊन बघून जाईल. ओढून बसवलंत तर पुस्तक म्हणजे शिक्षा असं त्याच्या मनात बसेल.

*मोबाइलवर गोष्टी लावल्या तर?* जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली बसून पडदा बघणं नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको, आणि बसायच्या वेळेत मोठ्यांनी वाचन-गोष्टी कराव्यात. कारणही उघड आहे. व्हिडिओ बकरीपाशी थांबत नाही आणि मूल काय म्हणालं ते त्याला ऐकू येत नाही. फोनवरचं पुस्तक मांडीवर घेऊन, सूचनांचा टिंगटिंगाट बंद करून, पान थांबवत बघितलं तर गोष्ट वेगळी.

*शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.* घरातली गोष्ट मराठीतच राहू द्या. मराठीत घट्ट झालेली समज इंग्रजी शिकताना वाया जात नाही. ‘बघ, रेड ॲपल, टू पॅरट्स’ असं निम्मंशिम्मं करण्यापेक्षा एक पुस्तक एका भाषेत पूर्ण बोला.

*आजी-आजोबा लांब आहेत.* परदेशातल्या घरांसाठी ही युक्ती चालते: एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक नातवाकडं, एक आजीकडं. व्हिडिओ कॉलवर दोघंही आपापलं पुस्तक उघडून बसतात. नुसत्या ‘जेवलास का, शाळेत काय केलंस’पेक्षा बोलायला काहीतरी सामायिक मिळतं आणि मूल पडद्यावरून पळत नाही.

*वाचायला कधी शिकेल?* चित्रपुस्तक वाचताना मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रंच बघतात, अक्षरांकडं त्यांची नजर फारशी जात नाही. त्यामुळं नुसत्या पुस्तकवाचनातून मूल आपोआप वाचू लागेल ही अपेक्षा धरू नका. चार-साडेचारनंतर अधूनमधून ओळीखालून बोट फिरवा, मुलाच्या नावातलं अक्षर पानावर शोधा, ‘क’नं सुरू होणारे शब्द तोंडी खेळा. एवढंच. आणि मूल पहिलीत जाऊन वाचायला लागलं की लगेच ‘आता तुझं तू वाच’ म्हणून मोकळे होऊ नका. त्याला स्वतः वाचता येतं त्याहून कितीतरी अवघड गोष्ट त्याला ऐकून समजते. ती तुम्हीच वाचून दाखवायची.

डॉक्टरांना कधी दाखवावं

रोज असं बसलात की मुलाची वाढ इतर कुणाही आधी तुम्हाला दिसते. दीड वर्षाचं मूल तुमच्यासोबत पुस्तकाची काही पानं बघतं. दोन वर्षांचं मूल ‘माऊ कुठंय?’ म्हटल्यावर बोट ठेवतं आणि दोन-दोन शब्द जोडायला लागतं. अडीच वर्षांचं मूल ‘हे काय?’ विचारल्यावर ओळखीच्या वस्तूंची नावं सांगतं. थोडं मागं-पुढं होतंच, पण वर्ष उलटून गेल्यावरही बोट दाखवणं नाही, नावानं हाक मारली तर वळून बघणं नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडणं नाही किंवा येत असलेले शब्द गळायला लागले, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले होते’ यावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणी आधी करून मागा. मोठा आवाज झाल्यावर मूल दचकतं म्हणजे त्याला सगळं नीट ऐकू येतं असं नसतं. सरकारी व्यवस्थेत अंगणवाडीतल्या तपासणीतून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पाठवायची सोय आहे, ताईंना विचारा. जाताना मुलाचं आवडतं पुस्तक पिशवीत टाका. बाहेर नंबर येईपर्यंत उपयोगी पडतं, आणि मूल पुस्तक कसं बघतं हे डॉक्टरांनाही समोर बघायला मिळतं.